बाईसाहेबांचं पथ्य

बाईसाहेबांनी वाडग्यात नाक घातलं, दोनदा हुंगलं, मागचा पाय झटकला आणि निघून गेल्या. तिसरा दिवस. मी उरलेलं खाणं तराजूवर टाकलं. पंचवीस ग्रॅममधलं चोवीस शिल्लक होतं.

मी औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं काम करते. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, गोळ्या मोजायच्या, पाकिटावर कधी आणि किती ते लिहायचं. माप बरोबर असेल आणि वेळ पाळली तर औषध लागू पडतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणून किडनी बिघडलेल्या मांजरांसाठी असतं ते खास खाणं घरी आणल्याबरोबर मी डब्यात भरलं आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली: सकाळी पंचवीस ग्रॅम, संध्याकाळी पंचवीस ग्रॅम. फक्त ते पोटात कसं घालायचं हे चिठ्ठीवर लिहिता येत नव्हतं.

चौदा वर्षांच्या मांजरीला समजावणार तरी काय? पाण्यात भिजवून दिलं, कोमट करून दिलं, बोटाला लावून दिलं. बोट चाटलं नाहीच, उलट माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी नासकं खाऊन आलेय. माझं डोकं फिरलं. ‘मरा मग उपाशी,’ असं म्हणाले, आणि म्हणाल्याबरोबर वाडगं परत त्यांच्यापुढे सरकवलं. कारण बाईसाहेब गेल्या तर या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं कोणी उरत नव्हतं.

बाईसाहेब तशा ताईच्या. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिला जाऊन दोन महिने झाले. आम्ही दोघी बिनलग्नाच्या, जन्मभर एकाच घरात राहिलो. त्यातली शेवटची नऊ वर्षं एकमेकींशी बोललो नाही.

कारण सांगायला लाज वाटते. आई गेली आणि पंधराव्या दिवशी मी कामावरून घरी आले तर आईची आरामखुर्ची जागेवर नव्हती. ताईने ती कोणाला तरी देऊन टाकली होती. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी घर डोक्यावर घेतलं. ती एवढंच म्हणाली, “मला बघवत नव्हती.” मी म्हणाले, “बघवत नाही म्हणून माणूस घराबाहेर काढायचं? दगड आहेस तू. आजपासून तुझं माझं बोलणं बंद.”

रागाच्या भरात माणूस बोलून जातं. पण आम्ही दोघी एका आईच्या, हट्टाला तोड नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग एका संध्याकाळी जेवताना ताई टेबलाखाली वाकून म्हणाली, “बाईसाहेब, सांगा तिला, उद्या नळाला पाणी येणार नाहीये.” ताईच्या खुर्चीखाली बाईसाहेबांचं वाडगं असायचं, आमच्याबरोबर त्याही जेवायच्या. मीही खाली वाकले. “बाईसाहेब, सांगा तिला, मला माहीत आहे.”

तिथून ती पद्धतच पडली. भाजीत मीठ कमी आहे, गॅस संपत आलाय, डोळे तपासून घे, छत्री विसरू नको, सगळं बाईसाहेबांमार्फत. निरोप्या अगदी विश्वासू, इकडचं तिकडे कधी केलं नाही. नऊ वर्षं आमचा संसार असा छान चालला होता. आता मागे वळून बघते तेव्हा त्याला छान म्हणावं की काय, मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत बसायची नाही. ज्या बाईसाहेबांकडे निरोप द्यायचा, त्यांच्याबद्दलच काही विचारायचं तर कोणामार्फत विचारणार?

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासताना विचारलं होतं, “काकू, दिवसातून किती वेळा खायला देत होतात?”

“दोनदा. शिवाय सकाळी खारवलेल्या माशाचा एक तुकडा. लहानसाच.”

“वजन बघून तर दुप्पट वाटतंय. वय झालंय ते आहेच, पण हे खारट खाणं आता पूर्ण बंद.”

घरी येऊन मी माझ्या कपाटातल्या औषधांमागून माशाचं पाकीट काढलं, टाकून द्यायला. तेवढ्यात बाईसाहेब ताईच्या खोलीत जाऊन तिच्या शिलाई मशीनचा खण ओरबाडायला लागल्या. खण उघडला. आत रिळं, बॉबिन, टेप, आणि त्याखाली तसंच्या तसं पाकीट. सोबत कात्री, तुकडे अगदी नखाएवढे कापलेले. मी सात वाजता गुपचूप द्यायचे, मी कामाला गेल्यावर ती गुपचूप द्यायची. प्रत्येकीला वाटायचं, दुसरी फार शिस्तीची आहे, मांजराचा जीव आपल्यातच आहे. “तू दिलंस का हिला?” एवढे चार शब्द नऊ वर्षांत कोणी उच्चारले नाहीत. ती दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवून मी आधी खूप हसले, आणि मग ताई गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले.

तर त्या तिसऱ्या दिवशी, चोवीस ग्रॅम उरल्यावर, मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

“काकू, मांजराला असं उपाशी राहून चालत नाही, लिव्हर बिघडतं. उद्या संध्याकाळीही खाल्लं नाही तर परवा सकाळी घेऊन या. नळी घालावी लागेल. आणि या वयात नळी म्हणजे...”

असली अर्धी वाक्यं मी काउंटरवर रोज ऐकते. पुढचं मला पाठ आहे.

“घरात काही बदल केलात का?” त्यांनी विचारलं. “जेवायची जागा वगैरे?”

“वाडगं जरा हलवलंय. ओट्याजवळ ठेवलंय. पुसायला बरं पडतं.”

“आधी कुठे असायचं?”

“खुर्चीखाली.”

“मग परत तिथेच ठेवा.”

“ती खुर्ची नाहीये आता.”

“तुटली का?”

“हो,” मी म्हणाले.

खुर्ची धडधाकट होती. ताईला पोचवून आल्यावर, भेटायला येणारी माणसं पांगल्यावर, मी ती उचलून गॅलरीत नेली आणि वर जुनी चादर टाकली. तेव्हापासून मी टेबलावर जेवलेच नव्हते. ओट्याशी उभी राहून ताट संपवायचे, गाडी चुकत असल्यासारखी. वाडगंही ओट्याजवळ आलं होतं, पण मासा मिळत होता तोवर त्याच्या लोभाने बाईसाहेब तिथेही खात होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या गोळ्या मी तीनदा मोजल्या. सहाला घरी आले, चपला काढल्या आणि थेट गॅलरीत गेले. चादरीवर कबुतरांनी प्रताप करून ठेवले होते. खुर्ची ओल्या फडक्याने पुसली, आत आणली, टेबलाशी तिच्या जागेवर ठेवली. वाडगं खाली सरकवलं. पंचवीस ग्रॅम.

बाईसाहेब आल्या. खुर्चीच्या चारही पायांना अंग घासून झालं. मग वाडग्यापुढे जाऊन बसल्या, शेपूट पायांभोवती गुंडाळून. पण खाईनात. मी माझं ताट वाढून घेतलं आणि समोर बसले. दोन महिन्यांनी बसले. खुर्चीच्या रिकाम्या पाठीकडे बघत घास गिळणं किती कठीण असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं, एकीने.

घरात नुसता चमच्याचा आवाज. बाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग मान वर करून खुर्चीच्या बैठकीकडे, मग परत माझ्याकडे. वाट बघत होत्या. मी खाली वाकले.

“बाईसाहेब, सांगा तिला, आजची भाजी मी केलीये. आणि ती वाईट झालीये.”

कान हलला. मान खाली गेली. दाणे चावल्याचा कुर्रर्र असा आवाज आला, आणि परत एकदा.

मी ऐकत बसले, तर त्याही थांबल्या.

“सांगा तिला, दुकानात नवीन फ्रिज आलाय. सांगा, शेजारीण तिची आठवण काढत होती. सांगा, मशीनचा खण सापडला मला. सांगा, माझ्याही कपाटात तेच होतं.”

कुर्रर्र, कुर्रर्र. मी बोलत असेन तोवर त्या खात होत्या. पण बोलायला असं उरलंय तरी काय माझ्याकडे? पाणी, गॅस, छत्री, सगळं संपलं. वाडग्यात अजून थोडे दाणे शिल्लक होते आणि बाईसाहेबांनी तोंड वर केलं.

“सांगा तिला,” मी म्हणाले, आणि ताट बाजूला सरकवलं. “सांगा, तिची खुर्ची मी बाहेर ठेवली होती. मला बघवत नव्हती.”

खाली परत आवाज सुरू झाला. मी टेबलाची कड धरून बसून राहिले. थोड्या वेळाने वाडगं जमिनीवर सरकल्याचा आवाज आला, तळ चाटताना सरकतं तसा.

मी वाकून बघितलं. एक दाणा उरला नव्हता. पण बाईसाहेब उठल्या नव्हत्या. निरोप पोचवून झाला होता आणि त्या मान वर करून, खुर्चीकडे बघत, उत्तराची वाट बघत होत्या. मीही बघत बसले.