कविताच्या हातचे दागिने

मी फटकळ आहे. बुऱ्हानपुरात आमच्या इतवारा मोहल्ल्यात कुणालाही विचारा. भाजीवाला, गॅसवाला, माझ्या मुलाच्या, नीलेशच्या शाळेतले मास्तर, सगळ्यांना तोंडावर बोलून बसलेली बाई. आणि ह्याच तोंडानं चाळीस बायकांसमोर एक खरं वाक्य निघालं नाही. ते आज सांगून टाकते. वर्षभर मनात ठेवून जीव नुसता कुजून गेला.

आमचा धंदा हलव्याच्या दागिन्यांचा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा, कविताचा. नव्या सुनेची पहिली संक्रांत आली की तिला काळी साडी नेसवायची आणि वर साखरेच्या पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालायचे. एमपीत राहून आम्ही अर्धी हिंदी बोलायला लागलो, पण हे काही बुऱ्हानपुरातल्या मराठी घरांनी सोडलं नाही. दुकान वगैरे नाही हं आमचं. डिसेंबर लागला की कुणाकडे तरी भिशी असतेच, तिथं मी डबे घेऊन जाते. घरवाली दहा-बारा जणींना बोलावते, चहा होतो, जलेबी होते, आणि मी दिवाणावर चादर अंथरून मुकुट, हार, बाजूबंद मांडते. तिच्याच सुनेला खुर्चीवर बसवून सगळं अंगावर चढवायचं आणि म्हणायचं, काढा गं फोटो. फोटो निघाला की ऑर्डर आलीच समजा. घरवालीला कानातल्याचा एक जोड माझ्याकडून भेट.

बोलणारी मी. करणारी कविता. परातीत साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच, वरून चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी फिरवत राहायचं. तीन-तीन, चार-चार दिवस. मग कुठं दाण्यावर काटा धरतो. मी एकदा बसले होते. अर्ध्या तासात कंबर धरली, बोटं भाजली, आणि दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा लाडू झाला. कविता हसून हसून बेजार! म्हणाली, "ताई, तुम्ही बाई विकायचंच बघा."

तेव्हा ती पण यायची भिशीला. तिच्या हातून मुकुट असा बसायचा की बायका उठून आरशासमोर जायच्या आणि तिथून हलायच्याच नाहीत.

मग कोरोनात आमचे पंकजभाऊजी गेले. तिचे मिस्टर. अकरा दिवसांत संपलं सगळं. त्या वर्षी डिसेंबरात ती म्हणाली, "ताई, मी करून देते. पण येत नाही, तुम्हीच जा." मी म्हटलं, बरं. खरं सांगू? मला आतून हायसं वाटलं.

गावातच राजघाटाकडे मनीषा म्हणून माझी जुनी गिऱ्हाईक राहते, तिची भिशी मोठी. तिथं एकीनं हार हातात घेऊन विचारलं, "अय्या, किती बारीक काम! कुणी केलं?" आणि मी म्हणून गेले, "मीच." का म्हणाले? नव्या नवरीच्या अंगावर घालायची वस्तू, विधवेच्या हातची म्हटल्यावर कुणाच्या मनात आलं तर? कुणी काही म्हणालं नव्हतं. पुढंही कधी कुणी म्हणालं नाही. मीच विचार केला आणि मीच घाबरले. घरी येऊन कविताला सांगितलं, तर तिनं परातीतून बोटंसुद्धा काढली नाहीत. "बरं केलं ताई," म्हणाली. "धंदा चालला पाहिजे."

मग तेच रुळलं. तीन वर्षं मी सगळीकडे "मीच करते" म्हणत हिंडले. शेवटी शेवटी तर कौतुक ऐकताना मी लाजायलासुद्धा लागले, जसं काही खरंच मीच केलंय.

गेल्या मे महिन्याच्या आधीच्या मे महिन्यात हिमानीचं लग्न झालं. हिमानी म्हणजे कविताची एकुलती एक. शाहपुरात दिली, केळीबागायतदाराचं घर, रितेश मुलगा चांगला. संक्रांत जवळ आली तशी कविता दागिन्यांना बसली. मुकुट तीनदा मोडून पुन्हा केला. मंगळसूत्र, बिंदी, कंबरपट्टा, पायातल्या तोरड्या. काटा असा, की हातात धरला तर टोचावा. मी म्हटलं, "पुरे गं बाई, पोरगी आहे, देवीची मूर्ती नाही." तर ती हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, एक मागू? बाकी कुठं नाही, पण हिमानीच्या घरी कुणी विचारलं ना, तर माझं नाव सांगा. तिच्या लग्नात मी बाजूलाच उभी होते, तुम्हीच सगळं केलंत. एवढं तरी आईनं केलं म्हणून तिथं कळू दे."

मला रडूच आलं. मी म्हटलं, "वेडी का काय! विचारायची वाट कशाला बघायची? मी जाऊन आधी ओरडून सांगते." तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली मी.

शाहपुरला ओसरीत चाळीसेक बायका होत्या. हिमानी खुर्चीवर बसली, कवितानं केलेलं सगळं तिच्या अंगावर चढलं, आणि काय दिसली पोरगी! कविता मागं दाराशी बसली होती. रितेशची आजी, धुरपदाबाई, तिनं हाक मारून तिला पुढं बोलावलं, स्वतःच्या लाकडी तख्तावर शेजारी बसवलं, हातात हात घेऊन तिळगूळ दिला. धुरपदाबाईही विधवाच, पस्तीस वर्षांपासून. म्हणजे बघा, त्या घरात भ्यायचं काही कारणच नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग धुरपदाबाईनं विचारलं, "काय सुंदर केलं माय! कोनाच्या हातचं हे?"

मी तोंड उघडलं आणि समोर मनीषा दिसली. हिमानीच्या सासूची मावसबहीण निघाली ती, मला कुठं ठाऊक! तिची धाकटी सून शेजारी, पुढच्या आठवड्यात तिच्याच घरी मला दागिने मांडायचे होते. मनीषा हसून म्हणाली, "अहो आजी, ही अलकाच करते. अख्ख्या बुऱ्हानपुरात हिच्यासारखा हात नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कविताकडे पाहिलं. हिमानी मुकुटाखालून माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता मला. "कविता." बस, एवढंच.

मी म्हटलं, "हो ना. आपल्याच पोरीचं आहे, मग जरा जास्त मन लावलं."

हिमानीचे ओठ हलले. पण नवी सून, ती काय बोलणार? कविताच बोलली. तख्तावरून, शांतपणे. "हो आजी. ताईंचाच हात. मी आपली साखर ढवळते."

 धुरपदाबाईनं उशीखालून एक साडी काढली, जांभळी, हातमागाची. "ज्या हातानं माझी नातसून सजवली, त्या हातासाठी आनली होती," म्हणाली, आणि माझ्यापुढं धरली.

आणि मी घेतली. चांगला पदर पसरून घेतली.

परत येताना ऑटोत मी साडी कविताच्या मांडीवर ठेवली. तिनं ती उचलून परत माझ्या पिशवीत घातली. "तुम्हाला दिली ना त्यांनी," म्हणाली. ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी पण ओरडले असते आणि मोकळं झालं असतं. पण ती शाहपुरपासून घरापर्यंत बाहेरच्या केळीकडे बघत बसली.

रथसप्तमीपर्यंतच्या ऑर्डरी तिनं पूर्ण केल्या. मग परात घासून माळ्यावर टाकली. म्हणाली, बोटांना सोसत नाही आता. केळीचे वेफर करतात तिथं कामाला लागली, दिवसभर सालं काढायला. हिमानी फोनवर माझ्याशी "कशा आहात बडी मम्मी, बरं" एवढंच बोलायची. तिला मुलगा झाला. ह्या संक्रांतीला त्याचं बोरनहाण. बाळाला पण हलव्याचे दागिने लागतात, छोटा मुकुट, बासरी. मी कविताला म्हटलं, परात काढू का? ती म्हणाली, "कशाला? तिथं विचारतील कुणी केलं म्हणून. मी चारचौघांत सांगून बसलेय, मला येत नाही म्हणून. हिमानीनं ऑनलाइन मागवलेत."

सख्ख्या आजीनं स्वतःच्या नातवाला दोन दाणे करून घालू नयेत, अशी सोय मी करून ठेवली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी घेतली आणि शाहपुरची बस धरली.

धुरपदाबाई अंगणात उन्हाला बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रडले, नाक पुसलं, पुन्हा सांगितलं. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मले त्याच दिवशी समजलं होतं माय. तिळगूळ देताना तिचा हात हातात घेतला ना मी. बोटांची टोकं सारी भाजलेली. तुझ्या बोटांले नेलपॉलिश होतं."

"मग साडी मला का दिलीत?"

"विहीनबाईनं, हिमानीच्या आईनं, भर बायकांत तुझं नाव घेतलं. तिले खोटी कशी पाडू? म्हटलं, साडी पुढं करते. साडी पाहून तरी तू म्हनशील, ही माझी नाही, हिची हाय. तर तू पदर पसरला."

मी खाली वाकले. साडी तिच्या पायाशी ठेवली, तर तिनं ती माझ्याच हातात दिली. "माझ्याजवळ नको देऊ. जिची हाय तिले दे."

संध्याकाळी कविता कामावरून आली. हाताला केळीचा चीक लागून बोटं काळी पडलेली. ती हात धूत होती तेव्हाच मी सांगून टाकलं. शाहपुरला गेले होते, सगळं खरं सांगितलं, आणि आजींना पहिल्यापासून माहीत होतं. तुझा हात बघून कळलं त्यांना. साडी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "मार मला कविता, पण बोल काहीतरी."

तिनं नळ बंद केला. साडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं, हिमानीचे दागिने मी केले होते?"

"हो गं."

तिचा चेहरा एकदम आधीसारखा झाला, भिशीतल्यासारखा. ओले हात तसेच धरून तिनं विचारलं, "मग काय म्हणाल्या ताई? त्या मुकुटाबद्दल? काटा कसा आला होता, काही म्हणाल्या का?"

मी विचारलंच नव्हतं. तिथं सगळा वेळ मी माझंच बोलत बसले होते.