खेमराजच्या वाट्याच्या गोळ्या

घरात काही चांगलं आलं की ते आधी खेमराजच्या ताटात पडायचं, ही अनुसयेची रीत. आंबा असो की अंडं. म्हणून गोंदियाच्या दवाखान्यातून नव्या औषधाच्या गोळ्या मिळाल्या, त्याही तिनं नवऱ्यालाच दिल्या. यात चोरी ती कसली!

लिव्हरवर चरबी दोघांच्याही होती. त्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा अनुसयेला घेतलं आणि खेमराजला ‘तुमचं लिव्हर फार खराब आहे’ म्हणून परत पाठवलं. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत उभा जन्म घातलेल्या माणसाला असं हाकलतात? अनुसयेचं डोकंच फिरलं. ज्याला आजार जास्त त्यालाच औषध नाही, हा कुठला न्याय! रोज सकाळी ती गोळी त्याच्या हातावर ठेवी आणि डबी रिकामी झाली की ‘मी खाल्ल्या’ म्हणून दवाखान्यात नेऊन देई.

हळूहळू खेमराजची भूक मेली. खाजवून खाजवून अंग लाल झालं. मग डोळ्यांत हळद उतरली. “उन्हाचं असंन,” तो म्हणे. ती मात्र रोज त्याचे डोळे निरखून पाही.

आज डॉक्टरीणबाई तिचे रिपोर्ट पाहून खूश झाल्या. “तुम्हाला औषध छान सोसलंय. आता डोस वाढवू. डोळे पिवळे झाले, खाज सुटली तर मात्र लगेच सांगा. औषध लिव्हरलाच खातंय असं समजायचं.”

अनुसयेला खेमराजचे पिवळे डोळे आठवले. नवी डबी मुठीत धरून ती कशीबशी बाहेर आली.

खेमराज मोटरसायकलला टेकून उभा होता. त्यानं हात पुढे केला. “आन इकडं. आजची राह्यली ना.”

जन्मात पहिल्यांदा तिनं त्याच्यापासून काही मागं ओढलं. त्याचं मनगट धरून त्याला आत नेलं आणि डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. “माह्या गोळ्या यायनंच खाल्ल्या, बाई. मी एकबी नाई खाल्ली.”

बाईंनी त्याची पापणी खाली ओढली, पोट दाबून पाहिलं. त्या ओरडतील असं अनुसयेला वाटलं होतं. त्यांनी सरळ फोन लावला. “नागपूरला बेड बघा. आत्ताच्या आत्ता.”

खेमराजचा चेहरा उजळला.

“पाह्य वं, आता मलेबी चाचणीत घेऊन राह्यले,” तो तिच्याकडे वळून हसला. “आता तुह्या गोळ्या तूच खाय.”