बायकॉट नावाचा माणूस

पार्वताबाईनं चहाचा पेला उपडा करून बांधावर ठेवला. धानाच्या रोवणीला आलेल्या बाकीच्या बायांना शेतमालक केशोरावच्या घरून स्टीलच्या कपांत चहा आला होता. बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांसाठी मात्र गोठ्यात ठेवलेले प्लास्टिकचे पेले.

"एकाच चिखलात रोवून राहिलो आमी, मंग कप काऊन वेगळे?" असं म्हणून ती आपल्या बाया घेऊन निघाली. केशोरावचं उन्हाळी धान अर्धंच रोवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं तिचं दळण तसंच परत केलं. "केशोरावनं तुमच्या घरावर बायकॉट लावला, मावशी. दुकानातही काही भेटनार नाही."

तिची पोरगी अल्का अर्जुनीच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होती. घरी आईच्या तोंडून तो शब्द ऐकून ती हसली.

"हसून काऊन राहिली?"

"आई, बायकॉट हे माणसाचं नाव होय. आयर्लंडात जमीनदाराचा कारभारी होता. कुळांले जमिनीवरून हाकलाले निघाला, तं मजुरांनी त्याचं पीक कापणं सोडलं. दुकानदार सामान देईना, कोणी बोलेना. मंग बाहेरून माणसं आणली, त्यांच्या राखणीले फौज आणली. पिकापेक्षा खर्च जास्त. तवापासून त्याचंच नाव या कामाले पडलं."

पार्वताबाई म्हणाली, "म्हणजे हे मजुरानं मालकाले करायचं काम होय. केशोरावनं उलटंच धरलं."

ती उठून रामकलीकडे गेली. रामकली केशोरावच्याच जातीची. स्वतःची एक बांधी, धानाचा छोटा तुकडा असलेली, पण रोवणीला सगळ्यांबरोबर जाणारी. तिला स्टीलचा कप मिळाला होता.

"तो चहा माझ्या गळ्याखाली उतरला नाही, बाई," रामकली म्हणाली. "मीही नाही जात आता."

मग बाकीच्याही थांबल्या. केशोरावनं ट्रॅक्टर पाठवून दुसऱ्या गावच्या बाया आणवल्या. पार्वताबाई रस्त्यात उभी राहिली. शिवी दिली नाही, फक्त घडलं ते सांगितलं. त्या बाया खाली उतरल्याच नाहीत. ड्रायव्हरला म्हणाल्या, "वापस घे."

इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी बांध्यांत नुसतंच उभं राहिलं. रोवायचे राहिलेले पऱ्हे, धानाची रोपं, पिवळे पडू लागले, तेव्हा केशोराव मोहल्ल्यात आला.

"बायकॉट उठवला. उद्या या."

"तुमचा उठला. आमचा नाही."

"कायले ताणून राहिली?"

"सगळ्यांले सारखाच कप. अन् हे गिरणीपाशी, गावासमोर सांगा."

तो तसाच निघून गेला. सकाळी मात्र गिरणीपाशी आला आणि जमिनीकडे बघत, भरभर सांगून मोकळा झाला.

"जरा मोठ्यानं," पार्वताबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला होता. सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"येऊ आमी," ती म्हणाली. "पण आज रामकलीच्या बांधीत रोवणी आहे. तुमचा नंबर परवा."