मुक्ताईच्या पाठीशी

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. बुधवार पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानात दिगंबरकाकांनी माझी एकेक तार जोडली, प्लायवूडचं खोकं केलं आणि पोटात मोठा स्पीकर बसवला. दहावीच्या सुट्टीत तीन शाळकरी मैत्रिणींनी मला रिक्षात घालून विश्रांतवाडीला नेलं.

ऋतुजा गिटार वाजवत गायची. अपेक्षाची बेस गिटार मला जोडलेली असे. मुक्ताई ड्रम वाजवायची. गाणी स्वतःच रचायची, असा त्यांचा हट्ट होता. तिघींच्या डब्यात सारखी तीच भाजी, म्हणून बँडचं नाव पडलं ‘ढोबळी मिरची’.

अपेक्षाचे आजोबा बापूराव यांच्या रिकाम्या गाळ्यात सराव चाले. पहिल्याच दिवशी ते दारात येऊन म्हणाले, “गाणं होय? मला वाटलं, खडीचा ट्रक रिकामा होतोय.” पण गाळ्याची किल्ली त्यांनी कधी परत मागितली नाही.

बारावीच्या वर्षी मुक्ताईला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. तीन महिन्यांनी ती गाळ्यात आली, तेव्हा ऋतुजाने वहीत लिहून दाखवलं, ‘तुझ्याशिवाय बँड नको. बंद करू.’

मुक्ताई भडकली. “मला विचारलंस? परस्पर ठरवलंस?”

अपेक्षाला काय करावं सुचेना. तिने नुसतीच जाड तार छेडली. मुक्ताईचा हात माझ्यावर होता. माझी थरथर तिच्या तळव्याला जाणवली.

“परत वाजव,” ती म्हणाली.

मग तिने स्टूल ओढलं, माझ्या अंगाला पाठ टेकवली आणि काठ्या उचलल्या. सुरुवातीला सगळं चुकलं. सात महिने चुकत राहिलं. एका रविवारी मात्र माझी थरथर तिच्या पाठीतून थेट मनगटात उतरली. आवाज कानांसाठीच असतो, असं मी जन्मभर समजत होतो! मी थक्क झालो.

पहिला कार्यक्रम येरवड्याच्या एका सभागृहात होता. संयोजक म्हणाले, “आमचे स्पीकर आहेत. हे खोकं खाली ठेवा.”

“खोकं खाली, तर आम्हीही खाली,” ऋतुजा म्हणाली.

मी मंचावरच राहिलो. पाच गाणी झाली, एकही ठोका चुकला नाही. शेवटच्या गाण्यानंतर मुक्ताई मान खाली घालून बसली होती. ऋतुजाने खांदे धरून तिला लोकांकडे वळवलं. सगळं सभागृह उभं होतं. ती बघतच राहिली. मीही.

आता त्यांच्याकडे नवी यंत्रं आहेत. मी गाळ्यात पडून आहे, उंदरांनी माझी जाळी कुरतडली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं माणसांसाठी आहे. तुमच्यातलं कुणी मागे पडलं, तर त्याच्या वतीने ठरवू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच विचारा, “तुला कसं जमेल?”