फासळ्यांचे पंख

मित्रांनो, परळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत राहणारा मी एक जुना उडता सरडा. माझा जन्म सावंतवाडीकडच्या एका पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागेत झाला. या झाडावरून त्या झाडावर मी तरंगत जाई. मग कुणीतरी मला पकडून स्पिरिटमध्ये ठेवले आणि मुंबईला आणले. बरणीवरची माझ्या नावाची चिठ्ठी पुढे गळून पडली. शिपाई दत्ताराम दर महिन्याला बरणीत स्पिरिट भरी. एरवी माझ्याकडे कुणी पाहत नसे.

१९५५ साली शकू नावाच्या मुलीने प्रयोगशाळेतल्या तासाला विचारले, की पंखांचा घोडा कधी निर्माण होईल का. गुरुदत्त मास्तरांनी नीट समजावले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला हातपाय मिळून चारच अवयव असतात. पक्ष्यांच्या पुढच्या दोन पायांचे पंख झाले, म्हणून त्यांना दोनच पाय उरले. चार पाय आणि वर पंख, हे होणे नाही.

शकूने माझ्याकडे बोट दाखवले. मला चार पाय होते आणि पंखही.

मास्तर गोंधळले. मग म्हणाले, हे पंख लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात चिकटवलेले दिसतात, दत्ताराम, टाकून दे ही बरणी.

“खोटा नाय, मास्तर. आमच्या पोफळीवरसून उडताना मी बघितलाय.”

“मग भुतंखेतं नि देवचारही बघितला असशील.”

वर्ग हसला. दत्तारामने मला टाकले नाही, कपाटाच्या मागच्या फळीवर लपवले आणि स्पिरिट भरत राहिला. पुढच्या जानेवारीत शहरात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला, शाळा बंद राहिली. शाळा उघडली, पण दत्ताराम आला नाही. तो गावी गेला की त्याला काही झाले, मला अंधारात कसे कळणार?

चार वर्षांत स्पिरिट निम्मे आटले. माझा उजवा पंख उघडा पडला, सुकला, फाटला.

महाराष्ट्र राज्य झाले त्या जूनमध्ये मास्तरांनी कपाट आवरायला घेतले. फाटलेल्या पंखातून सहा बारीक काड्या बाहेर आल्या होत्या. त्यांनी भिंग लावून एकेक काडी मागे मागे तपासली. प्रत्येक काडी माझ्या कण्यापर्यंत पोचत होती. त्या माझ्या फासळ्या होत्या. डिंकाचा कुठे मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या वर्गाला सांगितले, की पंख फासळ्यांचेही होतात, आपण चुकलो होतो. घोडा मात्र तरीही तरंगणार नाही. लांबी दुप्पट झाली की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन आठपट.

मग ते ऑफिसात दत्तारामचा पत्ता विचारायला गेले. पत्ता कुणाकडेच नव्हता. परत येऊन त्यांनी स्वतः स्पिरिट भरले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखे कुणी असेल, तर अधूनमधून बरणी पाहा. आणि आपण अमुक पाहिले असे कुणी सांगितले, तर तो समोर आहे तोवर विचारून घ्या, कुठे पाहिले, कसे होते.