घोड्याच्या पावलाचं माप

गाडीवानाच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, पायऱ्यांवर माणसं, उपड्या घातलेल्या घमेल्यावरसुद्धा एक गृहस्थ तोल सांभाळत बसले होते. मधोमध नवा तांबूस घोडा उभा होता आणि त्याच्या पुढ्यात उकिडवे बसले होते फुंकरबाबा. बाबा औषध देत नसत. ते नुसते फुंकत आणि दुखणं पळून जाई, अशी त्यांची ख्याती होती. आज फुंकण्यापूर्वी ते घोड्याशी बोलत होते.

"तो सांगतोय," बाबा डोळे मिटून म्हणाले, "गतजन्मीचं ओझं माझ्या डाव्या पायात उतरलं आहे. परंतु त्याचं मूळ उजव्या पायात दडलेलं आहे."

सगळ्यांनी वाकून उजव्या पायाकडे पाहिलं. खिडकीत शिलाई मशिनपाशी बसलेल्या ताईने मात्र घोड्याच्या तोंडाकडे पाहिलं. चार दिवस हाका मारूनही ज्याला स्वतःचं नाव कळलं नव्हतं, तो एवढी पुस्तकी भाषा कुठे शिकला, याचं तिला नवल वाटत होतं.

ताई गाडीवानाची थोरली बहीण. गल्लीभरचे कपडे शिवायची, म्हणून लोक तिला टेलरताई म्हणत. भावाचा जुना घोडा म्हातारा होऊन गेला, तेव्हा दोघांनी साठवलेलं सगळं ओतून हा नवा घेतला होता. बाजारात तो अगदी नीट चालला. व्यापाऱ्याने त्याला चारदा फिरवून दाखवला. घरी आला आणि दुसऱ्या दिवशी डाव्या पुढच्या पायाने लंगडायला लागला. खुरावर जखम नाही, सूज नाही, काही नाही. भाऊ धावत व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी भला माणूस. त्याने घोडा परत घेतला नाही, पण फुंकरबाबांचा पत्ता मात्र लगेच दिला.

ताईला दुखण्यातलं कळत नव्हतं. तिला कळायचं माप. अंगणात विटांचा लाल चुरा पसरलेला असे, त्यात घोड्याच्या खुरांचे ठसे छान उमटत. काल तिने टेप घेतली आणि पुढच्या पायांची पावलं मोजली. एक सव्वीस इंच, एक वीस. सव्वीस, वीस. शेवटपर्यंत तेच. भाऊ वैतागून म्हणाला होता, "ताई, घोड्याला विजार शिवतेस का?" तिने आकडे वहीत लिहिले. लग्नातले कोट उसवून आलेली गिऱ्हाइकं तिने आयुष्यभर ऐकून घेतली होती, त्यामानाने हे काहीच नव्हतं.

इकडे बाबांनी घोड्याचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला आणि त्यावर काळं फडकं टाकलं. उजेड लागला तर वेदना परत आत शिरते, असं त्यांनी समजावलं. मग फडक्याखाली बराच वेळ हात चालला, तोंडाने फुंकर चालली, कपाळावर घाम आला. घोड्याने एकदा अंग आक्रसलं. "निघतेय," बाबा म्हणाले, आणि गर्दीने श्वास रोखला.

पाय खाली ठेवला. भावाने लगाम धरून घोडा चालवला. घोडा सरळ चालला, लंगडणं पार गेलं. घमेल्यावरचे गृहस्थ आनंदाच्या भरात खाली आले. भावाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बाबांनी आज्ञा केली की उद्या सकाळी गाडी विटांनी भरून खुशाल पहिली खेप करावी.

ताई खिडकीतून उठली आणि टेप गळ्यात तशीच घेऊन अंगणात आली. लोक बाबांच्या पाया पडत होते, ती घोड्याच्या ठशांपाशी गुडघे टेकून बसली. वीस. वीस. वीस. तिने पुन्हा मोजलं.

"अरे, हा बरा झालेला नाही," ती भावाला म्हणाली. "बरा झाला असता तर विसाचं पाऊल सव्वीस व्हायला हवं होतं. इथे सव्विसाचं वीस झालंय. डावा सुधारला नाही, उजवा बिघडलाय."

बाबा हसले. बायकांनी कापडं मोजावीत, कृपा मोजू नये, असं म्हणाले. कोणीतरी हसलंही. ताईने तिकडे लक्ष न देता गर्दीत कोपऱ्यात उभ्या असलेल्या, घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाला हाक मारली आणि उजवी नाल सैल करायला सांगितली. त्याबरोबर बाबांचा आवाज चढला. नालेला हत्यार लागलं तर फुंकर मोडेल आणि घोडा सूर्यास्तापर्यंत जागच्या जागी मरेल.

भाऊ पांढराफटक पडला. घोडा गेला तर घर बसणार होतं.

"फुंकर मोडली तर काय होईल ते मला माहीत नाही," ताई हलकेच म्हणाली. "पण उद्या दोन्ही दुखऱ्या पायांवर विटा ओढायला लावल्यास तर काय होईल, ते तुला माहीत आहे."

भाऊ घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मग नालबंदाला म्हणाला, "काढा नाल."

नालबंदाने पक्कड लावली. नाल आणि तळवा यांच्यामधून एक चपटा, गुळगुळीत, करडा खडा टपकन खाली पडला. ताईने तो उचलला आणि ती घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर तसलेच दोन खडे होते. दुसरा तिला घोडा लंगडायला लागला त्या दिवशी तबेल्यात सापडला होता. कापड बेतताना ते सरकू नये म्हणून ती त्यावर वजन ठेवत असे, त्यासाठी तिने तो टेबलावर आणून ठेवला होता.

"बाजारात व्यापाऱ्याने याच नालेत घातलेला खडा गळून पडला," ती म्हणाली, "म्हणून बाबांना दुसरा घालावा लागला."

लोकांना काही उमगेना. गर्दीत डाव्या गुडघ्याने लंगडणारे पोस्टमनकाका होते. स्वतःचा गुडघा फुंकून घ्यायला ते पहाटेपासून रांगेत उभे होते. ताईने त्यांच्या उजव्या चपलेत तो खडा ठेवला आणि चालायला सांगितलं. काका चालले. हळूहळू, पण सरळ. लंगडणं गायब. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, गुडघा बरा झाला?" ताईने विचारलं.

"कसला बरा," काका कळवळले. "आता दोन्हीकडे दुखतंय. कुठल्या पायावर लंगडू तेच कळेना."

आधी सगळे हसले, मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला आणि हसणं थांबलं. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. तिथे फक्त काळं फडकं पडलेलं होतं. बाबा मात्र दोन्ही पायांनी अगदी ठणठणीत चालत गल्लीच्या टोकाला पोचले होते.

दुपारी जनावरांची डॉक्टरीण आली. तिने डावा खूर दाबून पाहिला, आत साचलेला पू काढला, पाय बांधला आणि तीन आठवडे कामाला जुंपायचं नाही अशी ताकीद दिली. ते तीन आठवडे भावाने दुसऱ्याची गाडी हाकली. ताईने रात्रंदिवस मशिन चालवलं, आणि त्या काळ्या फडक्याचं घोड्याच्या झुलीला अस्तर लावलं. कापड चांगलं होतं, वाया कशाला घालवायचं.

बाविसाव्या दिवशी घोडा अंगणात चालला आणि ताईने भावाच्या हातात टेप दिली. तो गुडघे टेकून बसला, मोजलं, पुन्हा मोजलं. सव्वीस. सव्वीस. त्याने तो आकडा ताईच्या वहीत लिहिला.

मंडळी, लंगडणं दिसत नाही म्हणजे दुखणं गेलं असं नाही. मुक्या जिवाला तर तेही सांगता येत नाही. म्हणून तुमच्याही अंगणात कोणी चमत्कार करून दाखवला, तर पाया जरूर पडा. खाली वाकलाच आहात, तर तेवढ्यात जमिनीवरचे ठसे मोजून घ्या.