मुसकं

बायको हौसा गेल्यावर महिपतीच्या घरात तिच्या मायेचं असं एकच उरलं होतं, राजा नावाचा काळा रॉटवायलर कुत्रा. तिने त्याला चमच्याने दूध पाजून वाढवलं होतं. पण रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्यांच्या सोसायटीला तो नको होता.

"महिपतीकाका, ही जातच खुनी," अध्यक्ष विमलबाई सभेत म्हणाल्या. "तोंड बांधून खाली आणा, नाहीतर सोडून या कुठेतरी."

"काकांचंही बांधा!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"बांधतो," महिपती म्हणाला. "पन त्याला ऱ्हाऊ द्या."

बाजारातल्या पट्ट्यावर त्याचा भरवसा नव्हता. गावी, गडबला, मळणीच्या वेळी बैलांना बांधायचे तसं सुतळीचं मुसकं त्याने स्वतः विणलं आणि मानेमागे सहजी सुटणार नाही अशी गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेर चार गावठी कुत्री राजावर तुटून पडली. राजाला साधा दातही लावता येईना. महिपती गाठीशी झटत होता, पण ती त्याच्याच हातची, सुटेना.

"काका, मुसकं काढू नका हां!" गॅलरीतून विमलबाई ओरडल्या. "खाली पोरं आहेत!"

महिपतीचे हात थबकले.

वॉचमनने धावत येऊन कुत्री हाकलली, तोवर राजाचा गळा फाटला होता. थोड्या वेळाने त्याची धाप थांबली. सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या.

महिपतीने वर पाहिलं.

"आता काढू काय?"

विमलबाई आत निघून गेल्या.